व्हिडिओ लावला की लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरते: प्लेअर बदलण्याआधी आणि बदलताना काय तपासायचं

तक्रार ठरलेली असते. टायपिंग, पीडीएफ, एक्सेल असलं काम केलं तर बॅटरी चार-पाच तास पुरते. व्हिडिओ लावला की मात्र दोन तासांत लाल खूण. पंखा घोंघावायला लागतो, कीबोर्डची डावी बाजू तापते आणि टक्के डोळ्यांदेखत उतरत जातात.

नाशिकमध्ये ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते ती गंगापूर रोड, कॉलेज रोड, अशोक स्तंभ भागातल्या अभ्यासिकांमधून. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली दिवसभर रेकॉर्डेड लेक्चर बघत असतात. खुर्च्या जास्त, प्लग कमी. पावसाळ्याच्या तोंडावर वारा सुटला की लाईट जाते ते वेगळंच. मुक्त विद्यापीठाचे नोकरी करून शिकणारे विद्यार्थी, सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणारे लोक, सगळ्यांची अडचण तीच. "काका, बॅटरी बदलू की लॅपटॉपच?" असं विचारणाऱ्या मुलीला मी सांगतो: दोन्ही थांबव, आधी व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजर उघड. बऱ्याच वेळा एक रुपयाही खर्च न करता प्रश्न सुटतो, आणि महिन्याचं खोलीभाडं मोजून देणाऱ्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

नेमकं काय बिघडलेलं असतं

व्हिडिओची फाईल दाबून बारीक केलेली असते. ती बघताना लॅपटॉपला एकेक चित्र पुन्हा उलगडावं लागतं, त्याला डीकोडिंग म्हणतात. १०८०पीच्या एका चित्रात २० लाखांहून जास्त ठिपके असतात. सेकंदाला ३० चित्रं धरली तर दर सेकंदाला ६ कोटींहून जास्त ठिपके तयार करायचे. तेच ४के आणि ६० चित्रं असतील तर आकडा ५० कोटींच्या घरात जातो.

हे काम दोन ठिकाणी होऊ शकतं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमध्ये फक्त व्हिडिओ उलगडण्यासाठी बनवलेला एक वेगळा भाग असतो. इंटेलने तो २०११ मध्ये क्विक सिंक या नावाने आणला, एएमडी आणि एन्व्हिडियाकडेही तसाच भाग आहे. त्याला वीज अगदी कमी लागते, आणि तो काम करत असताना मुख्य प्रोसेसर दोन चित्रांच्या मध्ये डुलकी काढू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर टाकणं, म्हणजेच सॉफ्टवेअर डीकोडिंग. चित्र दोन्हीकडे सारखंच दिसतं, म्हणून बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण शेजारी गिरणी चालू असताना पायलीभर ज्वारी जात्यावर दळत बसावं, तसा हा दुसरा प्रकार आहे.

हिशोब साधा आहे. बॅटरी ४२ वॅट-तासांची आणि लॅपटॉप व्हिडिओ बघताना ७ वॅट खात असेल, तर सहा तास मिळतात. तोच लॅपटॉप प्रोसेसरवर डीकोडिंग करून १४ वॅट खायला लागला, की तीनच तास. त्यामुळे "कोणता प्लेअर चांगला" या प्रश्नाच्या आधी "माझा प्लेअर हा वेगळा भाग वापरतोय का" हा प्रश्न येतो. प्लेअरची निवड महत्त्वाची आहेच, पण ती याच एका कारणासाठी.

तपासणी

चार्जर काढा. ज्या व्हिडिओने त्रास होतो तोच लावा, पूर्ण पडद्यावर नको, खिडकीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि डाव्या बाजूला जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिप) निवडा. तिथे छोटे छोटे आलेख दिसतील. त्यांतल्या एकावर "व्हिडिओ डीकोड" लिहिलेलं असेल. नसेल तर आलेखाच्या नावावर क्लिक करून यादीतून ते निवडा. नव्या एएमडी चिपवर "व्हिडिओ कोडेक" असं नाव दिसतं.

तो आलेख हलत असेल आणि सीपीयू (म्हणजे मुख्य प्रोसेसर) पाच-दहा टक्क्यांच्या आसपास असेल, तर डीकोडिंग योग्य ठिकाणी होतंय. आलेख शून्यावर सपाट आणि सीपीयू तीस-चाळीस-साठ टक्के असेल, तर चोर सापडला.

आता डीकोडिंगचं काम प्रोसेसरवर का गेलं ते शोधायचं. माझ्या अनुभवात कारणं बहुतेक याच क्रमाने सापडतात.

पहिलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नसणं. दुकानातून विंडोज नव्याने टाकून आणलेल्या, विशेषतः सेकंड हँड लॅपटॉपमध्ये हे फार दिसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असं लिहिलं असेल तर तुमची ग्राफिक्स चिप विंडोजला ओळखताच आलेली नाही. अशा वेळी कोणताही प्लेअर टाका, काम प्रोसेसरवरच होणार. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून टाका, लॅपटॉप पुन्हा चालू करा आणि तपासणी परत करा. बाकी काही करायची गरज उरत नाही, असंही पुष्कळदा होतं.

दुसरं कारण जास्त खोलात जायला लावणारं आहे: फाईलचा प्रकार आणि चिपची पिढी यांचा मेळ नसणं. चिपमधला तो भाग सगळ्याच प्रकारचे व्हिडिओ उलगडू शकत नाही. बनवताना त्याला जे प्रकार शिकवले तेवढेच त्याला येतात, नंतर सॉफ्टवेअर टाकून नवा प्रकार शिकवता येत नाही.

या प्रकारांना कोडेक म्हणतात, आणि ते मुख्यतः चार. एच.२६४ हा २००३ चा, सगळ्यांना येतो. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, आणि व्हीपी९ हे दोन्ही २०१३ चे. एव्ही१ हा २०१८ चा. इंटेलच्या बाबतीत सहाव्या पिढीला एच.२६४ आणि साधा ८-बिट एचईव्हीसी येतो. १०-बिट (म्हणजे जास्त रंगछटांचा) एचईव्हीसी आणि व्हीपी९ नीट यायला सातवी पिढी लागते. एव्ही१ अकराव्या पिढीपासून. पिढी ओळखायला प्रोसेसरचं नाव बघा: आय५-६२००यू म्हणजे सहावी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. एएमडीमध्ये लॅपटॉपच्या रायझन ६००० मालिकेपासून एव्ही१ आलं, पण ७००० च्या नावाखाली काही जुन्या ग्राफिक्सच्या चिपही विकल्या गेल्या आहेत (७५३०यू ही त्यातलीच), त्यामुळे तिथे नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

अभ्यासिकांमध्ये दिसणारे नूतनीकरण केलेले लॅपटॉप बहुतेक पाचव्या ते आठव्या पिढीचे असतात. यूट्यूब त्यांना व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत चित्रीकरण करू शकतात, आणि आयफोन १२ पासूनचे एचडीआर व्हिडिओ तर १०-बिट असतात. लग्नाचा पेन ड्राइव्ह ४के एचईव्हीसीमध्ये येऊ शकतो. जुनी चिप आणि नवी फाईल अशी गाठ पडली की ओझं गपचूप प्रोसेसरवर जातं. कुठलाही प्लेअर "मला हे चिपवर जमत नाहीये" असं सांगत नाही.

आपली फाईल कोणत्या प्रकारची आहे ते व्हीएलसीमध्ये कंट्रोल-जे दाबून कळतं. ८-बिट की १०-बिट हे स्वच्छ हवं असेल तर मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. यूट्यूबवर व्हिडिओवर उजवं क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडलं की कोडेकच्या ओळीत एव्हीसी१, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ यांपैकी एक दिसतं. एक सापळा लक्षात ठेवा: १०-बिट एच.२६४. जपानी अ‍ॅनिमेच्या फायली बऱ्याचदा अशा असतात. एच.२६४ दिसलं म्हणून आपण निर्धास्त होतो, पण विंडोजच्या बहुतांश लॅपटॉपमधल्या चिपला ही १०-बिट आवृत्ती येत नाही.

मग प्लेअर कोणता

बॅटरी हाच एकमेव निकष असेल तर विंडोजमध्ये सोबत आलेला मीडिया प्लेअर (जुन्या विंडोज १० वर मूव्हीज अँड टीव्ही) वापरा, हे माझं स्पष्ट मत आहे. तो दिसायला साधा आहे, सबटायटलच्या सोयी मोजक्या आहेत, पण डीकोडिंगपासून पडद्यावर चित्र टाकण्यापर्यंतचा सगळा रस्ता तो विंडोजच्या स्वतःच्या यंत्रणेतून काढतो आणि उलगडलेलं चित्र इकडून तिकडे विनाकारण कॉपी करत नाही. मात्र एचईव्हीसीसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं विस्तारक (एक्स्टेंशन) हवं, ते थोडक्या पैशांत मिळतं. काही लॅपटॉपमध्ये कंपनीने आधीच घातलेलं असतं. एव्ही१ चं विस्तारक मोफत आहे. ते नसल्यावर लोक कुठून तरी "कोडेक पॅक" उतरवतात. तसं करू नका. त्यातली मोडतोड पुढे निस्तरणं अवघड जातं.

व्हीएलसी नाशिकमध्ये काय, सगळीकडेच घराघरात आहे, आणि तो वाईट नाही. पण आवृत्ती बघा. २०१८ मध्ये आलेल्या ३.० पासून हार्डवेअर डीकोडिंग आपोआप चालू असतं. त्याआधीची २.x आवृत्ती अजूनही अनेक लॅपटॉपवर तशीच पडून असते, ती आधी बदला. मग टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स या वाटेने जाऊन "हार्डवेअर-अ‍ॅक्सलरेटेड डीकोडिंग" ही ओळ शोधा. तिथे "डिसेबल" असेल तर "ऑटोमॅटिक" करा. कधीतरी हिरवा पडदा आला म्हणून कुणीतरी ते बंद केलेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं कोणी तिकडे बघत नाही. "ऑटोमॅटिक"वर आलेख हलत नसेल तर डायरेक्ट३डी११ निवडून बघा, जुन्या लॅपटॉपवर डीएक्सव्हीए २.०. कंट्रोल-ई दाबून इफेक्ट्सची खिडकीही बघून घ्या. तिथे शार्पन वगैरे काही चालू राहिलं असेल तर चिपने केलेलं काम पुन्हा प्रोसेसरकडे येतं.

व्हीएलसीला एचईव्हीसीचं ते विस्तारक लागत नाही, कारण तो थेट ड्रायव्हरशी बोलतो. ज्यांना स्टोअरमध्ये पैसे भरायचे नाहीत त्यांच्यासाठी हा सरळ मार्ग आहे.

एमपीव्ही हा मला स्वतःला सगळ्यात आवडणारा प्लेअर, पण त्याच्यात एक गोष्ट माहीत असायलाच हवी: हार्डवेअर डीकोडिंग त्यात मुळात बंद असतं. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल-एच दाबलं की ते चालू होतं, आणि आय दाबलं की आकडेवारीत ते दिसतं. कायमचं करायचं तर त्याच्या कॉन्फ (सेटिंग्जच्या) फाईलमध्ये एचडब्ल्यूडेक, मग बरोबरची खूण (=) आणि ऑटो-सेफ अशी ओळ घाला, अर्थात इंग्रजी अक्षरांत. हे न करता "एमपीव्ही हलका आहे म्हणे" असं ऐकून वापरणाऱ्यांची बॅटरी उलट लवकर संपते.

एमपीसी-एचसी जुन्या लॅपटॉपसाठी फार गुणी आहे. मूळ गटाने २०१७ मध्ये त्यावरचं काम थांबवलं, पण पुढे ते दुसऱ्या हातांनी चालू ठेवलं आहे, म्हणून नवी आवृत्तीच घ्या. त्याला मॅडव्हीआर हे चित्र सुधारणारं सॉफ्टवेअर जोडून चित्र सुंदर करण्याचे सल्ले सापडतील. चित्र खरंच सुंदर होतं, पण तो प्रकार प्लगला जोडलेल्या डेस्कटॉपसाठी आहे. बॅटरीवर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मॅकवाल्यांनी क्विकटाइम किंवा आयआयएनए वापरावं, तिथे ही भानगड क्वचितच येते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलेल्यांनी आधी व्हीएइन्फो ही कमांड चालवून चिपला कोणते प्रकार येतात ते बघावं. यादीच आली नाही तर चिपकडून डीकोडिंग करून घेणारा व्हीए-एपीआयचा ड्रायव्हर बसवायचा आहे. तिथे ब्राउझर म्हणून फायरफॉक्स बरा पडतो. इंटेलच्या चिपवर ११५ व्या आवृत्तीपासून त्यात हार्डवेअर डीकोडिंग आपोआप चालू असतं.

दोन ग्राफिक्स चिप असलेले लॅपटॉप

गेमिंगचे किंवा कॅड वापरणाऱ्यांचे लॅपटॉप असतील (सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये डिझाइनचं काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडे ते असतात), तर प्लेअर मोठ्या एन्व्हिडिया चिपवर चालतोय का ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसतील. मोठी चिप नुसती जागी राहिली तरी बॅटरी खाते. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे प्लेअरचं नाव जोडून "पॉवर सेव्हिंग" निवडा. पडदा १४४ हर्ट्झचा असेल तर बॅटरीवर असताना ६० करा.

यूट्यूब आणि क्लासची अ‍ॅप

ब्राउझरमध्ये आधी सेटिंग्जच्या सिस्टीम भागात "ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन" चालू आहे ना ते बघा. ते चालू असूनही जुन्या लॅपटॉपवर व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रोसेसरवरच उलगडत असेल, तर एनहान्स्ड एच२६४इफाय नावाचं विस्तारक ब्राउझरमध्ये टाका. ते यूट्यूबकडून एच.२६४ च मागून घेतं. बदल्यात १०८०पीच्या वरची गुणवत्ता मिळत नाही. लेक्चरला ती लागतही नाही. सहाव्या पिढीच्या लॅपटॉपवर एवढ्या एका बदलाने पंखा शांत होतो. अकराव्या पिढीच्या पुढे मात्र हे टाकू नका, तिथे गरज नाही.

क्लासच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये किंवा कुलूपबंद पेन ड्राइव्हमध्ये प्लेअर बदलताच येत नाही. तिथे हातात फक्त गुणवत्ता असते. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर ७२०पी पुरेसं आहे, आणि फळ्यावर लिहिणाऱ्या सरांसाठी ४८०पीसुद्धा चालतं. अशा पडद्यावर ४के लावलं तर पडद्यावर मावतील त्याच्या जवळपास आठपट ठिपके उलगडले जातात आणि मग फेकून दिले जातात. तोच क्लास ब्राउझरमध्येही उघडत असेल तर दोन्हीकडे टास्क मॅनेजर बघून ठरवा.

बरीच मुलं लेक्चर दीडपट किंवा दुप्पट वेगाने बघतात आणि त्याने बॅटरी जास्त जाईल अशी त्यांना धास्ती असते. दुप्पट वेगाला सेकंदाला दुप्पट चित्रं उलगडावी लागतात हे खरं, पण लेक्चरही निम्म्या वेळात संपतं. उलगडायची एकूण चित्रं तेवढीच राहतात आणि पडदा निम्मा वेळच पेटतो. डीकोडिंग चिपवर होत असेल तर वेगाने बघणं बॅटरीला उलट फायद्याचं आहे, कारण अशा वेळी सगळ्यात मोठा खर्च पडद्याच्या उजेडाचाच असतो. म्हणूनच उजेड निम्म्यावर आणण्याइतका उपयोगी दुसरा छोटा उपाय नाही. आणि चालू घडामोडींसारखं जे नुसतं ऐकलं तरी चालतं, त्यासाठी व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूमधून व्हिडिओ ट्रॅक बंद करा आणि उजेड शून्यावर न्या.

प्रवासात बघायचे व्हिडिओ घरीच उतरवून लॅपटॉपच्या एसएसडीवर ठेवा. इगतपुरी सोडल्यावर घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क तसंही तुटत राहतं, आणि बाहेरची फिरती हार्ड डिस्क जोडून बघितलं तर तिची वीजही तुमच्याच बॅटरीतून जाते. वाय-फाय बंद ठेवता येतं हा वरचा फायदा.

फाईलच चिपला न येणारी असेल तर

फाईल पुन्हा पुन्हा बघायची असेल तरच हा खटाटोप करा. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात "फास्ट ७२०पी३०" किंवा "फास्ट १०८०पी३०" हा तयार पर्याय निवडा आणि रात्री चार्जर लावून रूपांतर चालू करा. हाती येणारी फाईल ८-बिट एच.२६४ असते, जी पंधरा वर्षं जुन्या चिपलाही बहुतेक झेपते. मूळ फाईल पुसू नका, कारण रूपांतरात गुणवत्ता थोडी उतरते. फोनवरच्या एचडीआर व्हिडिओचे रंग फिके पडू शकतात. आधी मिनिटभराचा तुकडा करून बघा.

सगळं बरोबर आहे तरी दोनच तास

आलेख हलतोय, सीपीयू शांत आहे, उजेड कमी आहे, तरी बॅटरी टिकत नाही. मग वीज किती जातेय ते मोजा. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीच्या भागात चार्ज रेट वॅटमध्ये दिसतो, बॅटरीवर असताना तो उणे असतो. दोन प्लेअरची तुलनाही टक्क्यांवरून नको, यावरूनच करा: तीच फाईल, तोच उजेड, पूर्ण पडदा, पहिली काही मिनिटं सोडून द्या आणि मग आकडा बघा.

आकडा सात-आठ वॅटच असेल तर दोष व्हिडिओचा नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, एक मोकळी जागा, स्लॅश आणि त्याला लागून बॅटरीरिपोर्ट असं लिहून एंटर करा. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला तेही दिसतं. त्यात "डिझाइन कपॅसिटी" आणि "फुल चार्ज कपॅसिटी" हे दोन आकडे बघा. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी थकली आहे आणि कोणताही प्लेअर तिला तरुण करणार नाही. नवी घेताना जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवून घ्या. टचपॅड वर उचललं गेलं असेल किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि बॅटरी स्वतः उघडायला न जाता त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या.